जयप्रकाश नारायण : डायलिसिसवरची चार वर्षे आणि आपली मूत्रपिंडे



क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा सोबत घरची दोन-तीन माणसे असतात. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : आता डायलिसिस लागणार का, आणि लागले तर सगळे संपलेच का? काही घरांत तर डायलिसिस हा शब्द रुग्णासमोर उच्चारायचीही बंदी असते.

अशा वेळी मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव तुमच्या ओळखीचे आहे : जयप्रकाश नारायण, म्हणजेच जेपी. आणीबाणी, संपूर्ण क्रांती, जनता पक्ष यांच्या संदर्भात तुम्ही ते ऐकले असेल. पण १९७७ मध्ये देशाचे सरकार बदलले तेव्हा हा माणूस डायलिसिसवर होता, हे अनेकांना ठाऊक नसते. आज त्यांच्या आयुष्याबरोबरच मूत्रपिंडे काय काम करतात, हेही समजून घेऊ.

सिताब दियारा ते कॅलिफोर्निया

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताब दियारा या गावी झाला. गंगा आणि घाघरा या नद्यांच्या संगमाजवळचे, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवरचे हे गाव. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी त्यांचे लग्न झाले. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले आणि प्रभावतीदेवी पुढे गांधीजींच्या आश्रमात राहिल्या.

घरून पैसा येण्यासारखी परिस्थिती नव्हती. कॅलिफोर्नियात द्राक्षांच्या मळ्यात, पुढे हॉटेलांत आणि मिळेल तिथे कामे करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. सात वर्षांत बर्कली, आयोवा, विस्कॉन्सिन, ओहायो अशी विद्यापीठे पालथी घातली आणि समाजशास्त्र शिकून १९२९ मध्ये ते परतले.

मळ्यात उन्हातान्हात दिवसभर राबणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. घामावाटे कित्येक लिटर पाणी आणि मीठ जाते. तरीही त्याच्या रक्तातले सोडियमचे प्रमाण सकाळी जेवढे होते जवळजवळ तेवढेच संध्याकाळी असते. हे कसे होते?

दिवसाला १८० लिटर

आपली दोन मूत्रपिंडे पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी असतात. प्रत्येकाचे वजन साधारण १५० ग्रॅम, आकार आपल्या मुठीएवढा. शरीराच्या मानाने ती लहान असली तरी हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर ढकलते, त्यातले एक लिटरहून अधिक या दोघांकडे जाते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. तिथून पाणी, मीठ, साखर, युरिया असे लहान कण गाळले जातात. रक्तपेशी आणि प्रथिने मात्र रक्तातच राहतात. चोवीस तासांत असा १८० लिटर द्रव गाळला जातो. आपल्या शरीरात रक्तातला पातळ द्रव फक्त तीन लिटरच्या आसपास असतो. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

मग लघवी फक्त दीड-दोन लिटर का होते? कारण गाळलेला द्रव पुढे एका लांब नळीतून जातो आणि तिथे शरीर हवे ते परत घेते. साखर सगळी परत. मीठ बहुतेक परत. पाणी ९९ टक्के परत. नको असलेले युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम, आम्ल तेवढे लघवीत जाते. घर आवरताना आपण एकेक वस्तू उचलून कचरा शोधत बसलो तर काहीतरी नजरेतून सुटणारच. मूत्रपिंडे उलटे करतात. सगळे सामान अंगणात काढतात आणि लागेल तेवढेच परत आत नेतात.

हजारीबागची भिंत

परतल्यावर जेपी काँग्रेसच्या कामात शिरले. १९३२ मध्ये अटक होऊन ते नाशिकरोडच्या तुरुंगात आले. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांच्यासारखे तरुण होते. त्या तुरुंगातल्या चर्चांमधूनच १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचा पाया घातला गेला.

१९४२ च्या चळवळीच्या वेळी ते बिहारमधल्या हजारीबाग तुरुंगात होते. ९ नोव्हेंबर १९४२ ही दिवाळीची रात्र. पहारा ढिला होता. जेपी आणि त्यांचे पाच साथीदार धोतरांना गाठी मारून केलेल्या दोरावरून भिंत ओलांडून निसटले आणि जंगलातून पायी चालत राहिले. पुढच्या वर्षी ते पकडले गेले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला, दिवसेंदिवस झोपू दिले गेले नाही. सुटका झाली ती १९४६ मध्ये.

तहान लागते तेव्हा आत काय होते?

जंगलातून चालणाऱ्या, पाण्याची खात्री नसलेल्या माणसाच्या शरीरात काय घडते ते पाहू. तुम्ही उपासाला किंवा उन्हाच्या प्रवासाला निघता तेव्हाही हेच घडते.

मेंदूच्या तळाशी रक्ताची दाटी मोजणाऱ्या पेशी असतात. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झाले तरी त्यांना कळते. त्या दोन गोष्टी करतात. एक, तहान लावतात. दोन, व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडायला लावतात. हे संप्रेरक नेफ्रॉनच्या शेवटच्या नळ्यांपर्यंत पोचले की तिथल्या पेशी पाण्यासाठी बारीक दारे उघडतात. लघवीतले पाणी त्या दारांतून शरीरात परत येते. लघवी कमी आणि गडद पिवळी होते. अशा वेळी लघवी रक्ताच्या चौपट दाट होऊ शकते.

उलट तुम्ही घटाघटा दोन तांबे पाणी प्यायलात तर हे संप्रेरक थांबते, दारे बंद होतात आणि पाण्यासारखी फिकट लघवी होते.

कितीही बचत केली तरी दिवसभरातला कचरा वाहून न्यायला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. त्याहून कमी लघवी होत असेल तर ते धोक्याचे लक्षण समजा.

घामाने रक्त शुद्ध होते का?

कचरा बाहेर टाकण्याचे काम एकटी मूत्रपिंडे करत नाहीत. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून जातो. जुन्या रक्तपेशी मोडल्यावर उरणारे पिवळे द्रव्य यकृत पित्तातून आतड्यात सोडते आणि ते शौचावाटे जाते. प्रथिने पचल्यावर तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर यकृतच करते. श्वास आणि त्वचेतून आपल्या नकळत रोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी जाते.

घामात थोडा युरिया असतो, हे खरे. पण तो इतका थोडा की घाम गाळून, वाफ घेऊन मूत्रपिंडाचे काम भागवता येत नाही. घामाचे खरे काम शरीर थंड ठेवणे. मूत्रपिंडे निकामी होतात तेव्हा बाकीचे अवयव ती जागा भरून काढू शकत नाहीत. म्हणूनच अशा रुग्णाच्या अंगाला खाज सुटते, तोंडाला विचित्र वास येतो, मळमळते, अन्न नकोसे होते.

बहात्तरीला टेकलेला नेता

स्वातंत्र्यानंतर जेपींनी सत्तेचे राजकारण सोडले. १९५४ मध्ये भूदान-सर्वोदयाच्या कामासाठी जीवनदान जाहीर केले. १९६५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी त्यांच्या आवाहनावरून शस्त्रे खाली ठेवली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७३ मध्ये, प्रभावतीदेवी कर्करोगाने गेल्या.

तब्येत आधीपासून नाजूक होती. मधुमेह होता, हृदयाचे दुखणे होते. १९७४ मध्ये बिहारमध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले आणि त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्याच एप्रिलमध्ये ते प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरला गेले. परत आले आणि ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नोव्हेंबरमध्ये पाटण्यातल्या मोर्चात पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी सोसल्या.

इथे डॉक्टर म्हणून मला दोन गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

पहिली, मधुमेह. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेली गाळणी खराब होते. सुरुवातीला फक्त थोडे अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, लघवीतून गळू लागते. दुखत नाही, जळजळ होत नाही, लघवीही छान होते. रुग्णाला काहीच कळत नाही.

दुसरी, प्रोस्टेट. साठीनंतर पुरुषांमध्ये ही ग्रंथी वाढते आणि लघवीचा मार्ग अडवते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, दाब वरच्या बाजूला मूत्रपिंडांवर येतो. रात्री चार-चार वेळा उठणे, धार बारीक होणे, थेंब थेंब होणे, याकडे वयच झाले आता म्हणून दुर्लक्ष करू नका.

चंदीगडचे दिवस

२५ जून १९७५ च्या संध्याकाळी दिल्लीत रामलीला मैदानावर जेपींची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागू झाली आणि पहाटे त्यांना अटक झाली. आधी हरियाणात सोहना, मग दिल्लीचे एम्स रुग्णालय आणि जुलैपासून चंदीगडची पीजीआय ही वैद्यकीय संस्था. स्थानबद्ध कैदी म्हणून ते तिथे एका खोलीत जवळजवळ एकटे होते. त्या काळात ते डायरी लिहीत. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

तब्येत ढासळत गेली. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. दिल्लीत थोडे दिवस काढून २२ नोव्हेंबरला त्यांना मुंबईत पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. वय ७३ वर्षे. डायलिसिसशिवाय पर्याय नव्हता.

हे स्थानबद्धतेतल्या हलगर्जीपणामुळे झाले का, यावर त्या काळी मोठे वादळ उठले. सरकार बदलल्यावर चौकशी आयोगही नेमला गेला. पन्नास वर्षांनंतर, कागद न तपासता त्यावर निवाडा देणे कोणत्याही डॉक्टरला शोभणारे नाही, म्हणून मी तो देत नाही. तुमच्या उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून जवळजवळ निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. त्यामुळे ते नॉर्मल आहे म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत आहेत, असे नसते. मधुमेही, हृदयरोगी, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आजारपणात पुन्हा पुन्हा तपासावे लागते ते म्हणूनच.

मुंबईतली खाट आणि डायलिसिसचे यंत्र

जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली जेपींचे डायलिसिस होऊ लागले. आपल्या देशात तेव्हा ही सोय मोजक्याच ठिकाणी होती.

हे तंत्र तसे नवेच होते. १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कामचलाऊ यंत्र बनवले. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे एकाच रुग्णाला वारंवार डायलिसिस देता येत नसे. १९६० मध्ये अमेरिकेत सिॲटल इथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येणारी टेफ्लॉनची नळी शोधली आणि ती अडचण सुटली.

यंत्रात नेमके काय होते? रुग्णाचे रक्त नळीवाटे एका गाळणीत येते. गाळणीत अतिशय पातळ पडदा असतो. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला क्षार मिसळलेले स्वच्छ पाणी. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पडद्यातून पाण्यात उतरतात आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परत जाते. साठलेले जादा पाणीही काढून घेतले जाते. आजच्या यंत्रात चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटरच्या आसपास पाणी लागते.

यंत्राची मर्यादाही लक्षात घ्या. मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. डायलिसिस आठवड्यातून तीनदा झाले तरी ते १२ तास. शिवाय मूत्रपिंडे रक्तवाढीचे एक संप्रेरक तयार करतात आणि ड जीवनसत्त्व कामाला लावतात. यंत्र हे करत नाही. आज रक्तवाढीसाठी इंजेक्शन मिळते, पण ते १९८९ मध्ये आले. जेपींच्या काळातल्या रुग्णांना रक्तक्षयाचा थकवा सोसावा लागे किंवा वरचेवर रक्त चढवावे लागे.

बैठकांच्या मधल्या दिवसांत पथ्य सांभाळावे लागते. जेवढी लघवी होते, अधिक साधारण अर्धा लिटर, एवढेच पाणी. चहा, ताक, आमटी, सगळे त्यात धरायचे. मीठ कमी. शहाळ्याचे पाणी, केळी, मोसंबी, सुका मेवा यांत पोटॅशियम भरपूर असते. निरोग्याला ते चांगले, पण या रुग्णाच्या हृदयाचा ठोका त्याने थांबू शकतो. कोकणात मिळणारे करमल, म्हणजे तारेच्या आकाराचे ते आंबटगोड फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्याने उचकी, भ्रम, आकडी येऊन जीव जाऊ शकतो.

पाटण्याचे घर, दिल्लीचा राजघाट

जेपींना घरी डायलिसिस करता यावे म्हणून यंत्र घ्यायचे ठरले. लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान मदतनिधीतून आलेला धनादेश त्यांनी परत केला. १९७६ मध्ये ते पाटण्याला कदमकुआँतल्या आपल्या मुक्कामी परतले आणि तिथे डायलिसिस सुरू झाले.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. आता हा माणूस काय करणार, असे कुणालाही वाटले असते. पण दोन डायलिसिसच्या मधले दिवस हाताशी होते. ते वापरून त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र ठेवले आणि प्रचाराच्या सभाही घेतल्या. मार्चमध्ये जनता पक्ष जिंकला. २४ मार्चला राजघाटावर नव्या खासदारांनी जेपींच्या साक्षीने शपथ घेतली, तेव्हा ते अतिशय अशक्त होते. मंत्रिपद त्यांनी कधीच मागितले नाही. त्याच वर्षी उपचारासाठी ते सिॲटलला जाऊन आले, म्हणजे जिथे ती टेफ्लॉनची नळी जन्मली त्याच गावी.

पुढची दोन वर्षे सुखाची नव्हती. ज्यांना एकत्र आणले ते आपसात भांडू लागले. शरीर थकत गेले, जसलोकच्या फेऱ्या वाढल्या. मार्च १९७९ मध्ये तर ते गेल्याची चुकीची बातमी दिल्लीत पोचली, लोकसभेत श्रद्धांजलीही वाहिली गेली. प्रत्यक्षात जेपी जसलोकमध्ये जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पाटण्यात त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

नोव्हेंबर १९७५ ते ऑक्टोबर १९७९. मधुमेह, हृदयरोग आणि तेव्हाची यंत्रे, तरीही जवळजवळ चार वर्षे. त्या चार वर्षांत त्यांनी काय केले, ते तुम्ही वाचलेच.

तुमच्यासाठी

डायलिसिसची वेळच येऊ नये यासाठी हे करा.

- मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी दोन तपासण्या करा : लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन. रिपोर्टवर मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, लिहिलेला असतो. तो डॉक्टरांना विचारून समजून घ्या.
- अंगदुखी, गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. मूत्रपिंडे बिघडवणाऱ्या कारणांत त्या वरच्या क्रमांकावर आहेत. घटक माहीत नसलेली भस्मे, पुड्याही टाळा.
- जुलाब, उलट्या, उष्माघात यांत लघवी कमी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज, लघवीला खूप फेस, लघवीतून रक्त, सतत मळमळ, विनाकारण दम लागणे : यातले काहीही असेल तर तपासून घ्या.
- निरोगी माणसाने तहानेप्रमाणे पाणी प्यावे, लघवी फिकट पिवळी राहील इतके. मुतखडा होऊन गेलेल्यांनी थोडे जास्त. पण सूज असलेल्या किंवा मूत्रपिंड, हृदयाच्या रुग्णाने जास्त पाणी प्या हा शेजाऱ्याचा सल्ला मानू नये. पाणी किती, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

आणि डायलिसिस सांगितलेच असेल तर पळ काढू नका. उशीर केलेला रुग्ण मध्यरात्री फुप्फुसांत पाणी भरून येतो, तेव्हा सगळेच कठीण होऊन बसते. आता जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांतून पात्र रुग्णांना मोफत उपचार मिळतात. रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन चौकशी करा. मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य आहे का, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

घरच्यांना एक विनंती. रुग्णापासून डायलिसिसची गोष्ट लपवू नका. त्याला मधल्या दिवसांत काय करायचे आहे ते विचारा. नातीला शाळेत सोडायचे असेल, शेतावर चक्कर मारायची असेल, दुकानात दोन तास बसायचे असेल. त्या दिवसांची आखणी त्याच्याबरोबर बसून करा.